अक्काचं मडकं आणि माझ्या पोटातले जीवाणू

चैत्रातला रविवार, गावात टँकर येण्याचा दिवस. हजर : मी, माझा नवरा, माझी थोरली बहीण म्हणजे अक्का, तिच्या उरलेल्या अकरा शेळ्या आणि आंबिलीचं मडकं. गैरहजर : दाजी, टँकरच्या रांगेत.

ही नोंद माझ्या त्या दुष्काळी वर्षाच्या वहीत आहे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कुठंही गेलं की आधी हजेरी, मग सामान, मग काम, ही सवय तिथलीच. त्या रविवारचं काम एकच होतं : अक्काच्या मडक्यातली वाटीभर जुनी आंबील विरजणासाठी आणायची.

तीन आठवड्यांपूर्वी उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून मला साखर झाल्याचं सांगितलं होतं. मी तिथल्या तिथं वही काढली. गोड खात नाही. चहा बिनसाखरेचा. घरात कुणाला नाही. आई जन्मभर शेळ्यांमागं चालली, अक्का अजून चालते. एकाच आईच्या दोन मुली; मला झाली आणि तिला नाही, हे कसं?

बाईंनी उलट विचारलं, "आठवडाभर घरात काय शिजतं ते सांगा." मी सांगितलं : पोळ्या, भात, बटाटा, कारखान्याच्या कॅन्टीनमधला पाव. मग त्यांनी जे सांगितलं ते मी दोन पानं भरून लिहून घेतलं. आपल्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. ज्वारी, डाळी, भाज्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो त्यांचं खाणं. तो खाऊन ते काही पदार्थ तयार करतात आणि शरीर साखर कशी सांभाळतं यावर त्यांचा परिणाम होतो. मोठ्या वयात मधुमेह झालेल्या पुष्कळ लोकांत या जीवाणूंचा मेळ वेगळा आढळला आहे. पण आधी मेळ बिघडतो की आधी मधुमेह होतो, हे अजून पक्कं सांगता येत नाही.

"गोळी घ्यायची, चालायचं, जेवण बदलायचं. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू. आकडा हलला नाही तर गोळी वाढेल."

मी हवेत तरंगतच बाहेर पडले. साखर झाल्याचं दुःख क्रांती चौकापर्यंतसुद्धा टिकलं नाही. इतकी वर्षं नट-बोल्टांचा हिशेब ठेवला आणि माझ्याच पोटात एवढे कामगार उपाशी बसलेत, याची एक ओळ कुठं नव्हती! घरी येऊन पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडं मी, उजवीकडं अक्का. अक्काच्या बाजूला : ज्वारीची भाकरी, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, आंबील, दिवसभर चालणं. मडक्यात तळाशी थोडी आंबील ठेवायची आणि त्यावरच पुढची घालायची, अशी तिची रीत. म्हणजे त्या मडक्यातले जीव तिच्या लग्नापासूनचे! नवरा म्हणाला, "मॅडम, उद्यापासून त्यांचीही हजेरी घ्या."

तर त्या रविवारी आम्ही स्कूटरवर निघालो. जालना रस्ता सोडून आत वळलो तर ओळखीची रानं दिसेनात. जिथं अक्काच्या शेळ्या चरायच्या, तिथं खांब, तारा आणि प्लॉट विक्रीच्या पाट्या. मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते, उकळत्या पाण्यानं धुतलेला, चिठ्ठी चिकटवलेला.

अक्का दारातच उभी होती. मडकं अंगणात पालथं घातलेलं, उन्हात नुसतं लखलखत होतं.

"अक्का, हे काय?"

"घासलं की. तू डाक्टरनं सांगितलं म्हून यायलीस, आन् मी काय बुरसं मडकं दावू? राखंनं घासलं, मंग टँकरच्या पान्यानं दोनदा खंगाळलं. वास घे, कसा जंतू मारायच्या पावडरीचा येतोय."

"तळाची आंबील?"

"शेळीला घातली."

मी डबा घेऊन ओट्यावर बसले. नवऱ्यानं शेळ्यांकडं बघितलं. "यातली कोणती? तिला घेऊन जाऊ."

"तुमचं काय जातंय हसाया!" अक्का म्हणाली. "पान्याचा आख्खा हंडा मोडला तुमच्या बायकोपायी. शेजारीण बघायली व्हती, येड लागलं का म्हून."

खरंच होतं. जिथं माणशी पाणी मोजून मिळतं, तिथं तिनं मला घाण दिसू नये म्हणून हंडा ओतला होता. मी तिला जंतू चांगले असतात हे समजवायला लागले. ती तांब्या तोंडाला लावून ऐकत होती. तांब्या संपला, तिनं दुसरा भरून घेतला, तोही घटाघटा प्याली.

"अगं, हळू. रांगेत उभं राहून आणलेलं पाणी."

"काय करू, आग पडलीया घशाला. रातचं बी दोन-तीनदा उठाया लागतंय."

"ऊन लई आहे," मी म्हणाले आणि पुन्हा जीवाणूंवर आले. शेवटी ठरलं : तिनं नव्यानं आंबील घालायची, मी पुढच्या रविवारी न्यायची. तिनं रिकामा डबा परत दिला नाही; रिकामं भांडं आमच्यात देत नाहीत. त्यात मूठभर तांदूळ घातला. "रेशनचा हाय. जवारी कुठली आता, तीन सालं पिकली न्हाय."

सोमवारी संध्याकाळी मी दोन रकान्यांचं पान बाईंपुढं ठेवलं आणि मडक्याची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, आंबील औषध नाही, पण जेवणात चांगली. ज्वारी आणि डाळी वाढवा, गोळी सोडू नका. मग उजव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ताईंना साखर नाही, हे कधी तपासलं?"

मी वहीची मागची पानं चाळली. कधीच नाही. कुणीच नाही. आईचीसुद्धा नाही. त्या रकान्यातली अक्का वीस वर्षांपूर्वीची होती, ज्वारी पिकवणारी, रानोमाळ चालणारी. आत्ताची अक्का रेशनच्या भातावर होती, कुंपणाअलीकडं अकरा शेळ्या राखत बसत होती आणि एकामागून एक दोन तांबे पाणी पीत होती. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं. वहीत मात्र फक्त मडकं लिहिलं होतं.

बाहेर येऊन अक्काला फोन लावला. "अक्का, उद्या इकडं ये. उपाशीपोटी."

"उपाशी? मला काय झालंय? आन् उद्या कशी यीन, टँकर हाय. तुझी आंबील घातलीया, ती बघ आंबट व्हायली."

"आंबील राहू दे!"

"राहू दे कशी? त्याच्यापायी हंडा मोडला मी."

पान अजून उघडं आहे. नवी आंबील घालणं : बरोबरची खूण. माझी गोळी : खूण. नवऱ्यासाठीसुद्धा भाकरीचं पीठ : खूण. शेवटची ओळ मी लाल शाईनं लिहिली : अक्का, उपाशीपोटी रक्त. मंगळवारी टँकर, बुधवारी बाजार, गुरुवारी शेळी व्याली. त्या ओळीपुढं अजून काही नाही.