लालासाहेब आणि पेट्रोलचा काटा

रहिमतपूरच्या लालासाहेबांचा जगात एकाच माणसावर विश्वास होता, तो म्हणजे स्वतःवर. खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्यावर राखेचे ठसे ते आपल्या हाताने मारत, म्हणजे कुणी मूठभर जरी उचललं तरी ठसा मोडावा. गवळणीच्या दुधात पाणी सापडलं नाही, तर आज का घातलं नसेल याचा त्यांना संशय यायचा.

लढाई संपली त्या सुमारास त्यांनी साताऱ्याच्या एका वकिलाकडून जुनी अमेरिकन मोटार घेतली. पेट्रोल अजून कुपनावरच मिळत होतं. गाडीवर इलियासला ठेवलं. लढाईत पलटणीचे ट्रक चालवून आलेला, कामाला चोख आणि बोलायला कमी. कमी बोलतो म्हणजे काहीतरी लपवतो, हे लालासाहेबांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. बाकीचे मालक ऐटीत मागे बसत. हे पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसत, कारण तिथून पेट्रोलचा काटा दिसायचा.

एके सकाळी ते गाडीत बसले आणि पाहतात तर काटा शून्यावर. टाकी तर आदल्याच दिवशी भरली होती.

"प्याट्रोल कुटं गेलं रं?"

"टाकीतच हाय, मालक. मगाशी गाडी बाहीर काडली तवा काटा बराबर हुता. आता पडला. काटा बिगाडलाय, जैनुद्दीन मिस्त्रीला दावू."

जैनुद्दीन मिस्त्री इलियासचा चुलता. लालासाहेब मनातल्या मनात हसले. म्हणजे चोरी पुतण्याने करायची आणि निवाडा चुलत्याने! मिस्त्रीकडे जायचं नाव त्यांनी काढू दिलं नाही.

त्या दिवसापासून टाकीच्या झाकणावर ओल्या राखेचा ठसा बसू लागला. ठसा शाबूत राहायचा आणि लालासाहेब गाडीत बसले की काटा शून्यावर असायचाच. शेवटी त्यांनी टाकीत काठी घालून पाहिली. काठी वरपर्यंत भिजून आली. दुसरा कुणी असता तर काटा बिघडलाय म्हणून गप्प बसला असता. लालासाहेबांनी मात्र रात्रभर विचार करून असा शोध लावला, की पेट्रोल पंपावरच विकून इलियास टाकीत रॉकेल भरतो. गाडी त्या रॉकेलवर कशीबशी चालत असेल, पण काटा अमेरिकेचा, तो रॉकेल मोजत नाही.

हा शोध त्यांनी पोटात ठेवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो भर बाजारात बोलून दाखवला. वर इलियासला म्हणाले, "खरा असशील तर तुज्या पोरीच्या डोस्क्यावर हात ठिवून शपत घे."

"शपत न्हाई घ्यायचो, मालक," एवढंच इलियास म्हणाला.

झालं! यापेक्षा मोठा पुरावा कुठला? चार दिवसांत त्याची आई अख्तरबी बाजारात यायची बंद झाली. चोर म्हणून नाव झालेल्या ड्रायव्हरच्या हातात साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुणी गाडी देणार नव्हतं, आणि हे इलियासइतकंच लालासाहेबांनाही पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी सांगलीला जायचं ठरवलं. तिथे मोटारीच्या अनोळखी कारखान्यात पेट्रोल तपासायचं आणि इलियासला फौजदाराच्या ताब्यात द्यायचं. साक्षीला मेहुणे हंबीरराव घेतले. लालासाहेबांच्याच मापाचा गडी. साक्षीदाराला काटा नीट दिसावा म्हणून त्यांना पुढे बसवलं आणि लालासाहेब पहिल्यांदाच मागे बसले. हंबीरराव टेकले तसा काटा घसरला.

"बगितलंसा?" लालासाहेब मागून कुजबुजले. इलियासने ऐकलं आणि गियर टाकला.

विट्याच्या अलीकडे इंजीन तापलं. इलियास इंजीन थांबवून डबा घेऊन विहिरीकडे गेला, किल्ली मात्र चालूवरच राहिली. हंबीररावही मोकळे व्हायला उतरले. लालासाहेबांची नजर काट्यावरच खिळलेली. काटा सरसर वर चढला आणि भरल्या टाकीवर जाऊन थांबला.

टाकीजवळ चिटपाखरू नव्हतं. पेट्रोल चोरीला जातं हे त्यांना समजत होतं, पण आपल्या पायांनी परत येतं हे काही समजेना. आधी त्यांना हंबीररावांचाच संशय आला. त्यांना हाक मारून परत बसवलं. काटा पडला. उठवलं. चढला.

"दाजी, मला उठाबशा काडाय लावताय व्हय?"

लालासाहेब पुढे आले आणि स्वतः बसले. काटा पडला. मग त्यांनी बैठकीची गादीच उचलली. खालून काट्याची तार मागे टाकीकडे गेली होती. तिच्यावरचं सुताचं वेष्टन झिजलेलं, तांबं उघडं पडलेलं. वर जड माणूस बसला की गादीची स्प्रिंग ती तार खालच्या पत्र्यावर दाबत होती. लालासाहेबांनी काठीच्या टोकाने तार दाबली. काटा शून्यावर आला.

त्यांना एकदम हलकं वाटलं, आनंदच झाला. इलियास पाणी घेऊन आला तसे ते ओरडले, "आरं इलियास, तू चोर न्हाईस!"

"ते मला ठावं हुतं, मालक," इलियास म्हणाला आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागला. पाणी ओतून झाल्यावर म्हणाला, "सांगलीपातुर पोचिवतो. माघारी यायला दुसरा ड्रायव्हर बगा."

लालासाहेबांचा आनंद जागीच विरला. बाजारात सगळ्यांना सांगतो म्हणाले, अख्तरबीच्या पाया पडतो म्हणाले. इलियास गादी जागेवर बसवत राहिला. मग त्यांना राग आला. "येवडा खरा व्हतास मग शपत का घेतली न्हाईस? त्याच दिशी मिटलं आसतं!"

इलियासने हात पुसले. "आन मी शपत घेतली आस्ती तर तुमी काय म्हनला आस्ता, मालक? म्हनला आस्ता, बगा, प्याट्रोलापायी लेकीच्या जिवावर उठला."

लालासाहेब अगदी असंच म्हणाले असते.