बाबांच्या दारातला उतार

बार्शीटाकळीच्या स्टँडवर बाबा मला अकोल्याच्या गाडीत बसवून द्यायला आले होते. अमरावतीच्या भरतीत माझी निवड झाली होती, फौजेच्या पूल बांधणाऱ्या तुकडीत. कापसाच्या जिनिंगमधून ते कामावरून तसेच आलेले, मिशीला रुई चिकटलेली. एस.टी. हलली तरी खिडकीचा गज धरून चालत राहिले. "पोचला का फोन करजो. अन् तिथं उगाच पुढं पुढं नोको करू." मला निघायची इतकी घाई, की मागे वळून पाहिलं की नाही तेही आठवत नाही.

गावच्या दोस्तांनो, तुमच्यातले तिथंच राहिलेले मला 'फौजी' म्हणतात, पुण्यातले 'सर' म्हणतात. या दोहोंच्या मधे माझा डावा पाय गेला. डोंगरात सुरुंगावर पडला. पुढं पुढं केलंच होतं शेवटी. फौज सुटली, कृत्रिम पाय आला. मग अमरावतीला पोरासोरांच्या वर्गात बसून सिव्हिलची डिग्री केली आणि नोकरीसाठी पुणं गाठलं. तिथे एका कचेरीच्या पायऱ्यांवर भर दुपारी आपटलो आणि माझं भांडण सुरू झालं. बँका, फुटपाथ, बसथांबे, जिथे पायरी तिथे मी. निवेदनं दिली, सुनावण्या केल्या, साहेबलोकांच्या डोक्याला ताप झालो. बायको म्हणते, हे देवळात गेले तरी आधी रॅम्प शोधतात.

अशात बाबांना लकवा झाला. आमचं घर उंच जोत्यावर, दारात पायऱ्या. तरी ते रोज संध्याकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर जात, कारण त्यांचे जिनिंगमधले जुने सोबती देवीदासकाका दोघातिघांना घेऊन येत आणि त्यांना खुर्चीसकट उचलून नेत. एखादा कमी पडला तर रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारत. माय सगळ्यांना आधी चहा पाजायची. एकदा व्हिडिओ कॉलवर मी ती वरात पाहिली. खुर्ची तिरपी झालेली आणि बाबा ओरडताहेत, "हळू ना बे! माणूस हावो मी, कापसाची गठाण नोये!"

सगळे हसत होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुणंभर पायऱ्या फोडत फिरणाऱ्याचा बाप असा लटकत जातो!

सुटी काढून गेलो. अंगणातून वळवून शिस्तीत उतार काढला, कठडा बसवला, नवी चाकाची खुर्ची आणली. बाबा पहिल्यांदा एकटे खाली उतरले तेव्हा माय रडली. मी फोटो काढला. पुण्याच्या प्रत्येक भाषणात तो दाखवला, टाळ्या घेतल्या.

परवा दिवाळीनंतर गेलो, तर संध्याकाळी बाबा दारातच बसलेले. हल्ली टपरीवर जात नाहीत, असं माय म्हणाली. मी देवीदासकाकांना गाठलं. ते म्हणाले, "आता त्याले कोनाची गरज हाय? तुनं रस्ता करून देला ना. पयले उचलाले लागे, म्हणून आमी जमत होतो. आता जो तो म्हणते, येईन तो त्याच्या मनानं." त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

घरी येऊन मी खुर्चीची मूठ धरली. म्हटलं, "चला बाबा, चहा घेऊन येऊ."

"ढकलू नोको," ते म्हणाले. "उचलता येत असन तं उचल."

मला एका धड पायावर नाही उचलता येत. बोलून गेल्यावर त्यांच्याही ते ध्यानात आलं. ते माझ्या कृत्रिम पायाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "राहू दे. मायले म्हण, चहा इथंच टाक."

आम्ही दोघंच चहा प्यालो. रस्त्याने ओळखीची माणसं जात होती, हात करत होती, थांबत कोणी नव्हतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना सांगतो, मला आता घर म्हटलं की ती तिरपी खुर्ची आठवते आणि तिला लागलेले ते हात. त्यांतला एक माझा असायला हवा होता. मी गेलो तो सिमेंट घेऊन, आणि उरलेले हातही सोडवले.