टोपीवाला मरतो कधी?

गोवा राज्य व्हायच्या दिवसांत डिचोलीत आम्ही नाट्यसंस्था काढली. नफा घ्यायचा नाही हे एकमताने ठरलं, कारण नफा होईल असा संशयच कुणाला नव्हता. पहिलं नाटक मराठीत की कोंकणीत, यावर मात्र देवळाच्या मंडपात रोज असं रण माजायचं की खाणीवरचे सुरुंग लाजून गप्प बसायचे.

समोर चटई पसरून एक म्हातारी बसायची. नाव आम्ही कधी विचारलं नाही. मंडपात दिवे लागले म्हणजे नाटक, एवढंच तिला ठाऊक. जत्रेतल्यासारखी ती लवकर येऊन जागा धरायची, पान चघळायची, आणि कुणी ओरडला की खुशीत मांडीवर थाप मारायची.

एके संध्याकाळी टोपीवाले अध्यक्ष गरजले, "उद्या संस्थाच मोडतो!" निघताना म्हातारीने माझी बाही धरली. "पुता, खेळ बरो चल्ला. पूण हो टोपीवालो मरता केन्ना?"

"फाल्यां, मावशे," मी उद्याचा वायदा करून टाकला.

दुसऱ्या दिवशी तिने अख्खा गाव आणला. संस्था मोडायला आलेल्या अध्यक्षांनी ती गर्दी बघितली, टोपी सरळ केली आणि असे बोलत सुटले की मोडायचं राहूनच गेलं. विरोधकही हटेनात. भरलेला मंडप सोडून कुठला नट उठेल? शेवटी दोन्ही भाषांत एकेक नाटक करायचं ठरलं.

"मेलोच ना मगे!" टोपीवाला जिवंतच राहिला म्हणून म्हातारी हिरमुसली.

आता संस्थेचं स्वतःचं सभागृह आहे. नाटकाला प्रेक्षकांपेक्षा पंखे जास्त असतात. वार्षिक सभेला मात्र दारात उभं राहायलाही जागा मिळत नाही.