ओढ्याकाठचा चापडा

सरांनी पाहुण्यांसमोर माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि फडकं दिलं.

मी संगमनेरच्या एका कॉलेजात साफसफाईला आहे. प्राणिशास्त्राच्या खोलीत सापांच्या बरण्या असतात. त्यातला एक चापडा मी आणलेला. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये खड्डा असतो, तो विषारी साप. माहेरी ओढ्यापाशी जीपखाली आला होता. दुधाच्या किटलीत घालून, मांडीवर धरून एसटीनं आणला. सर तेव्हा खूश झाले होते. गावाचं नाव, ओढा, रंग, सगळं मीच चिठ्ठीवर लिहून त्याला बांधलं.

पुण्याचे पाहुणे त्याच्या पोटाचे खवले मोजत होते. जात ठरवायची होती. स्पिरिटमध्ये हिरव्याचा निळा झालेला. जिवंतपणी शेपटीचं टोक कसं होतं, त्यांनी विचारलं; माझी चिठ्ठी कुणी वाचलीच नव्हती. सर म्हणाले, हिरवंच. माझ्या तोंडून निघून गेलं, "तांबूस होतं."

सर हसले. चिमटा काढून घेत म्हणाले, "आमच्या मावशी चौथी पास आहेत. आता सापांची बारशी ह्याच करणार."

सगळे हसले. मीही हसले. तेच जास्त लागलं. घरी भाकरी थापताना हसणारं माझं तोंड मलाच दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी छापलेली चिठ्ठी दिली. जुनी काढून ही बांधा म्हणाले. वाचली. ठिकाण एका गडाचं. साप सापडला कुणाला, तर सरांच्या विद्यार्थ्याला. तो त्या गडावरच्या सापांवर प्रबंध लिहितोय. आमच्या ओढ्यापासून गड दोन खोरी पलीकडं.

दर वर्षी सर पोरांना शिकवतात, ठिकाण चुकलं की सगळं चुकलं. एका खोऱ्यातला चापडा दुसऱ्या खोऱ्यात वेगळ्या जातीचा निघू शकतो. बारा वर्षं ट्रे धरून मी ते ऐकलंय.

दोरा बोटात होता.

"सर, ह्यो तिथला न्हाई. मी न्हाई बांधणार."

"मावशी, कामावर राहायचंय ना?" ते हळू आवाजात म्हणाले.

मी दोरा टेबलावर ठेवला. त्यांनी स्वतः बांधला. माझी चिठ्ठी कचऱ्याच्या बादलीत टाकली.

कचरा मीच काढते. चिठ्ठी आता मी हे लिहितेय त्या वहीत आहे. शिसपेन्सिलीनं लिहिलेली. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, शिसं टिकतं. गाव आहे, ओढा आहे, तांबूस टोक आहे. फक्त साप कुणी आणला ते तेव्हा लिहायला लाजले होते. आज लिहिलं. माझं नाव, आडनावासकट.

सोमवारी पाहुणे परत येणार आहेत. बरणी काढून द्यायचं काम माझं. त्यांच्यादेखत ही चिठ्ठी बांधणार. गाठ पक्की मारीन.