यादीत न बसलेली सासू

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात मी एका सुनेला तिसऱ्यांदा मेथीबद्दल विचारत होते... आठवड्यातून किती वेळा करता, परतून की पातळ? आणि शेजारी बसलेली तिची सासू माझ्याकडे टक लावून बघत होती.

आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवऱ्याकडून बायकोला होणाऱ्या मारहाणीवर एक अभ्यास चालू होता, आणि मी त्यात घरोघर फिरून फॉर्म भरणारी पोरगी. एम.ए. झालेलं, नोकरी नाही, नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी आणि पाठीला सॅक... थाट काय विचारता!

कामाचा नियम एकच, पण कडक. बाई एकटी असेल तरच खरे प्रश्न विचारायचे. कुणी आत आलं की ताबडतोब कागद फिरवायचा आणि नुसता दाखवायला ठेवलेला भाज्यांचा फॉर्म सुरू करायचा. कारण काय विचारलं हे घरात कळलं तर आपण एसटीत बसून निघून जातो, मार तिला पडतो.

आणि आधीच ठरलेल्या यादीत आलेलं घर बदलता यायचं नाही. इथं जमलं नाही, शेजारी विचारते, हे चालायचं नाही. जिथे बोलणं अवघड आहे तीच घरं सोडली, तर उरतील ती सगळी सुखाचीच उरतील, असं अभ्यास चालवणाऱ्या आमच्या मॅडम म्हणायच्या.

सुनीताच्या (नाव बदललंय) घरी म्हणूनच माझी ही तिसरी फेरी होती. तिन्ही वेळा नवरा द्राक्षबागेत फवारणीला, पण सासू घरात हजर! सुनीताला बोलायचंय हे दिसत होतं, गालावर पिवळा पडत चाललेला डागही दिसत होता. पण मी तोंड उघडलं की म्हातारी सूप घेऊन पुढ्यात येऊन बसायची, आणि मी आपली पुन्हा मेथीवर. मनातल्या मनात मी तिला किती शिव्या घातल्या असतील, देव जाणे.

त्या दिवशी मात्र तिने सूप खाली ठेवलं.

"पोरी, तीनदा आली, तीनदा मेथीच इचारली. मेथी इचारायला कोण नाशकाहून येतं गं?"

संपलं, म्हटलं. आता ही लेकाला सांगणार, आणि संध्याकाळी सुनीताचं काही खरं नाही.

"तुला काय इचारायचं ते इचार तिला. माझा ल्योक लय मारतो हिला. मी वट्यावर बसते, कोण आलं तर खोकते."

आणि गेली की बाहेर!

सुनीता आधी रडली, मग बोलली... तास-दीड तास बोलली. मध्ये दोनदा बाहेरून खोकला आला. दोन्ही वेळा आम्ही दोघी मुकाट भाज्यांवर गेलो आणि माणूस गेल्यावर परत आलो.

शेवटी मदत केंद्राचा पत्ता असलेली चिठ्ठी द्यायची असते. सुनीता घेईना, नवरा तिची पेटी उचकतो म्हणे. आत आलेल्या सासूने ती चिठ्ठी घेतली आणि लुगड्यात कनवटीला खोचली. "इथं कोण हात घालत नाय," म्हणाली.

मी सॅक उचलली, तर म्हणते, "थांब ना. आता माझं लिही."

मी चाचरत समजावलं... आजी, आम्ही एकोणपन्नास वर्षांपर्यंतच्याच बायका घेतो, तुमचं वय बसत नाही यात.

"म्हंजे म्हातारीचा मार मोजत नाय तुमी?"

ट्रेनिंगमध्ये ढीगभर अडचणींची उत्तरं शिकवली होती, याचं नव्हतं. मी गुपचूप कोरा फॉर्म काढला आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तरी तिला सगळं आठवत होतं... कोणत्या सणाला, कशाने, कशावरून. डावा हात कोपरात सरळ होत नव्हता, मला वाटलं होतं वयामुळे. सांगताना आवाज जराही चढला नाही, एकाच ठिकाणी अडकली.

"ल्योक उंबऱ्यात बसून बघायचा. सहा वर्साचा होता. मी कधी हूं की चूं केलं नाय... त्याला वाटलं, असंच असतं."

सुनीता उठून तिच्याजवळ जाऊन बसली. मला रडायची परवानगी नव्हती, पण रडले.

शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा. हे सगळं बोलून आता कसं वाटतंय... बरं, पहिल्यासारखंच, की वाईट? म्हातारीने फॉर्मवर बोट टेकवलं.

"तिन्ही नाय. राग आला. तसं लिही."

मी तसंच लिहिलं.

मॅडमनी तो फॉर्म उभ्यानेच वाचला, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचला. मोजणीत धरला नाही, धरताच येत नव्हता. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. नियम का असतात हे आता कळतं, पण तरी...

द्राक्षं संपत आली तेव्हा मदत केंद्रातल्या ताई भेटल्या. नावगाव न घेता एवढंच म्हणाल्या, सासू सुनेला घेऊन आलेली आयुष्यात पहिल्यांदा पाहिली बाई! तक्रार कुणाविरुद्ध असं विचारल्यावर सुनेच्या आधी तीच बोलली. लेकाचं पूर्ण नाव तिने सांगितलं... बापाच्या नावासकट.

त्यानंतर मी बरेच सर्व्हे केले. फॉर्म भरून झाला की घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ पाच मिनिटं बसते आणि तिलाही तिचं विचारते, हे मला त्या आजींनी शिकवलं. आजवर एकीनेही, 'मला कशाला विचारतेस', असं म्हटलेलं नाही.