गुडघ्यावरचा तळहात

ग्रीक आणि लॅटिनच्या पुढील शिक्षणासाठी माझी नात मुक्ता परदेशी विद्यापीठांत अर्ज करते आहे. अर्जासोबतच्या निवेदनात तिने लिहिले होते, की आजोबांनी मांडीवर बसवून मला प्राचीन भाषांची गोडी लावली. ते वाक्य मी खोडले.

"का खोडलंत, आजोबा?"

"खोटं आहे म्हणून. मी गोडी लावली नाही, संस्कृतची संथा दिली. गुडघ्यावर हाताने मात्रा मोजत मी एकदा म्हणायचो, तू दोनदा. चुकलीस की पुन्हा पहिल्यापासून. रडायचीस."

"बाबा, तिकडच्यांना आवडेल ते लिहू द्या की तिला," सून म्हणाली. चिरंजीवांच्या मते तर पोरीला ही देणगी उपजतच आहे. उपजत असती, तर माझा घसा कशाला बसला असता?

आज सकाळी संगणकावर तिची मुलाखत झाली. पलीकडच्या बाईंनी ग्रीक कवितेच्या काही ओळी वाचायला सांगितल्या. मी दाराशी उभा होतो. मुक्ता वाचू लागली आणि कॅमेऱ्याला न दिसणारा तिचा तळहात गुडघ्यावर पडू लागला. लघूला हलका, गुरूला रेंगाळत. विद्या डोक्यात राहते असे लोक समजतात. मला ते मान्य नाही. ती अशी हातात मुरते आणि परक्या भाषेतही आपणहून चालू लागते.

मध्येच तो हात अडखळला. मुक्ताने ओळ सोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"छान चाललं होतं, थांबलात का?" बाईंनी इंग्रजीत विचारले.

"चुकलं होतं," मुक्ता म्हणाली.

रडली मात्र नाही.