वाटीवरची काजळी

आज गॅसवर वांगं भाजलं, सोललं, वाटी उचलली आणि तिच्यावर उमटलेले काळे ठसे बघून थबकलोच.

धरणगावच्या शेतातली ती भरीत पार्टी. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी सोलता सोलता मी शेजारच्या नानांना पाठ फिरवायला लावली आणि तीन पालथ्या वाट्यांपैकी एकीखाली मिरची लपवली. त्यांनी एक वाटी निवडली. मी दुसरी, रिकामी, उघडून दाखवली.

"नाना, आता वाटी बदला. मिरची सापडायची शक्यता दुप्पट होते!"

"काबर बदलू? मिरची आठेच शे."

निघाली तिथेच! मी गणिताचा मास्तर. भरीत गार होईपर्यंत घसा फोडून समजावत राहिलो. नाना गालात हसत भाकरी मोडत होते.

इतकी वर्षं मी त्यांच्या नशिबावर चिडत होतो. मिरचीच्या वाटीवर काजळी माझ्याच बोटांची होती, आणि भांडायला आता नाना नाहीत.